अनुबियासला जास्त प्रकाश नको

अनुबियास या मत्स्यालयात लावल्या जाणाऱ्या पाणवनस्पतीची वाढ दिसत नाही, म्हणजे तिला प्रकाश कमी पडतो, तेव्हा दिवा अधिक वेळ चालू ठेवा, हा सल्ला मत्स्यालय बाळगणाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरत असून तो चुकीचा आहे. मूळची पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ही वनस्पती दाट झाडांच्या सावलीत, ओढ्यातील खडकांना आणि ओंडक्यांना धरून वाढते आणि काही आठवड्यांनी एखादे नवे पान काढणे हा तिचा स्वभावच आहे. दिवा दहा-बारा तास ठेवल्याने तिचा वेग फारसा बदलत नाही. मात्र तेच जाड, गडद पान महिनोन्महिने टिकत असल्याने जादा प्रकाशात फोफावणाऱ्या शेवाळाला त्यावर बसायला भरपूर सवड मिळते. प्रथम हिरवे ठिपके दिसतात, मग कडांना काळी झालर येते, जी बोटाने चोळूनही निघत नाही. सहा ते आठ तासांचा मंद प्रकाश तिला पुरतो.

रोप खरोखरच खंगत असेल, तर त्याचे आडवे, आल्याच्या गड्ड्यासारखे खोड वाळूत पुरले गेले आहे का, हे आधी पाहावे (दुकानातून आणल्यावर बहुतेक जण हेच करतात), कारण असे खोड बहुधा मऊ पडून कुजते. ते वर काढून सुती दोऱ्याने लाकडाला सैलसर बांधावे.