लायपोसोमल आहारपूरके

लायपोसोमल आहारपूरके : जीवनसत्त्वे, खनिजे किंवा वनस्पतिजन्य द्रव्ये फॉस्फोलिपिड या मेदजातीय रेणूंच्या अतिसूक्ष्म पुटिकांत (पोकळ पिशव्यांत) भरून केलेली पूरके. पुटिकेचे आवरण बहुधा सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या लेसिथिनचे असते. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाणी टाळते. त्यामुळे पाण्यात हे रेणू आपसूक दुहेरी थर धरतात आणि तो थर गोल मिटतो; हीच पुटिका म्हणजे लायपोसोम. आतल्या पाण्यात क जीवनसत्त्व मावते, तर हळदीतले करक्युमिन भिंतीतच बसते. आपल्या पेशींचे आवरणही याच घडणीचे असते. केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

१९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डॉक्सिल हे कर्करोगावरचे औषध लायपोसोममध्येच भरलेले असते, पण ते शिरेतून देतात. गिळलेल्या लायपोसोमची वाट फार खडतर. जठरातले आम्ल, मग पित्तक्षार, मग स्वादुपिंडातून येणारी फॉस्फोलिपेज विकरे या भिंतीवर तुटून पडतात. बऱ्याच पुटिका आतड्यातच फुटतात. तरी सारे वाया जात नाही : फुटलेल्या फॉस्फोलिपिडांचे पित्ताबरोबर बारीक कण बनतात आणि मेदद्राव्य घटक त्यांतून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात.

म्हणून ‘लायपोसोमल चांगले की साधे?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता घटक कुठे अडतो, हे आधी पाहायला हवे. क जीवनसत्त्व आतड्यातल्या ठरावीक वाहक प्रथिनांमधून आत जाते. २०० मि.ग्रॅ.ची मात्रा जवळजवळ पूर्ण शोषली जाते, १,२५० मि.ग्रॅ. एकदम घेतले तर निम्म्याहून कमी. मोठ्या मात्रेत लायपोसोमला वाव आहे तो इथेच. २०१६ मध्ये ११ जणांना ४ ग्रॅम देऊन केलेल्या प्रयोगात लायपोसोमल क जीवनसत्त्वाची रक्तातली पातळी साध्यापेक्षा वर गेली, शिरेतून दिलेल्यापेक्षा मात्र खालीच राहिली. पण भारतीय पुरुषाची रोजची शिफारस ८० मि.ग्रॅ. आणि स्त्रीची ६५ आहे. तिखटमीठ लावलेला एक पेरू ती सहज भागवतो. शिवाय रक्तात वाढलेले क जीवनसत्त्व मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे पातळी वाढली म्हणजे तब्येत सुधारली असे होत नाही.

ब-१२ चे उदाहरण पुण्याने जगासमोर ठेवले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवतींचा पाठपुरावा केला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. कारण मुख्यतः शाकाहारी, दूधही बेताचे असलेले जेवण. न शोषणारे आतडे नव्हे. पुढे याच मातांच्या मुलांना किशोरवयात रोज अवघे २ मायक्रोग्रॅम ब-१२ दिले, तेव्हा साध्या पूरकानेही रक्तातली पातळी वाढली. जठरात तयार होणारे ‘आंतरिक घटक’ नावाचे प्रथिन एका वेळी साधारण एवढेच ब-१२ उचलतो. त्यापलीकडच्या मोठ्या मात्रेतले जेमतेम एक टक्का आपोआप झिरपते. जेवणातच ज्याची वाण आहे, त्यासाठी महागड्या बाटलीची सक्ती मला पटत नाही.

करक्युमिनची अडचण खरी आहे : ते पाण्यात विरघळत नाही आणि शोषलेले यकृत झटपट बदलून टाकते. तिथे मेदाचे वाहन उपयोगी पडू शकते. पण मेदाशिवायही मार्ग आहे : बंगळूरमधील १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिरीतले २० मि.ग्रॅ. पायपरीन दिले, तेव्हा करक्युमिनची जैवउपलब्धता, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष पोचणारा वाटा, २,००० टक्क्यांनी वाढली. लोहात लायपोसोमचा फायदा मुख्यतः सोसण्याचा : धातूची चव आणि पोटातली मळमळ कमी होते. पण गोळी घेऊन लगेच अमृततुल्यचा चहा प्यायलात, तर साध्या लोहाचे शोषण चहातले टॅनिन मारतेच.

ग्लासात पावडर ढवळून पाणी दुधाळ झाले की माल अस्सल, असे ग्राहकाला अनेकदा दाखवतात. नुसते लेसिथिन ढवळले तरी पाणी दुधाळच होते. पुटिकांचा आकार आणि किती टक्के घटक खरोखर आत बंद आहे, हे प्रयोगशाळेतच मोजता येते. विकत घेताना ते आकडे मागावेत. ही पूरके भारतात अन्न म्हणून विकली जातात आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना वेष्टनावर बंधनकारक असते.