फरशीवरचं अनवाणी, मातीतलं अनवाणी

टाचदुखीची तक्रार घेऊन गेलेल्या बाईंना डॉक्टर सांगतात, घरातही मऊ चप्पल घाला. त्याच बाईंच्या मोबाइलवर सकाळीच 'अनवाणी चाला, निरोगी राहा' असा निरोप आलेला असतो. मग घरात वाद सुरू होतो. आपल्या आजीने कुठे घरात चपला घातल्या होत्या? यातलं खरं कोणाचं? वाद मिटत नाही, कारण दोन्ही बाजू 'अनवाणी' हा एकच शब्द वापरून दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पहिला फरशीबद्दल आहे, दुसरा मातीबद्दल.

घरातलं अनवाणी सगळ्यांच्या परिचयाचं आहे. चपला दाराशी काढायच्या आणि मोझॅक, कोटा, शहाबादी किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सवर वावरायचं. बाहेरची घाण बाहेर ठेवणारी ही सवय उत्तम आहे, ती मोडायचं कारण नाही.

फरक काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: फरशी कडक, माती मऊ. हे अर्धंच खरं आहे. एप्रिलमध्ये वाळून फुटलेली काळी जमीन किंवा वर्षानुवर्षं तुडवलेली पायवाट फरशीइतकीच टणक लागते. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते: घरात आपण चालत नाही, उभे राहतो.

ओट्याशी तासभर स्वयंपाक, मग फ्रिजपर्यंत चार पावलं, जागच्या जागी गिरकी, पुन्हा ओटा. इस्त्री करताना तेच, भांडी घासताना तेच. अशा वेळी शरीराचा भार टाचेखालच्या त्याच त्या तुकड्यावर राहतो. तिथे चरबीची साधारण एक ते दोन सेंटिमीटर जाडीची गादी असते. छोट्या छोट्या कप्प्यांत बंद असलेली ही चरबी दाबली जाते आणि भार उचलला की पुन्हा फुगते. पण भार उचललाच गेला नाही, तर ती दाबलेलीच राहते. वय वाढतं तशी तिची लवचीकताही कमी होते.

चालताना काय होतं ते पाहा. टाच टेकते, भार बाहेरच्या कडेने पुढे सरकतो आणि शेवटी अंगठ्यावरून पाय सुटतो. त्या शेवटच्या क्षणी बोटं मागे वाकतात आणि टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा चिवट पट्टा, म्हणजे प्लांटार फॅशिया, बोटांच्या सांध्यांभोवती गुंडाळला जाऊन ताणला जातो. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसंच हे काम आहे. पायाच्या रचनेचे अभ्यासक जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये पायाच्या या क्रियेला रहाटाचीच उपमा दिली होती. दोर ताणला की पायाची कमान उचलली जाते आणि पाय पुढे ढकलायला घट्ट होतो. पुढच्या पावलाला पट्टा पुन्हा सैल. ताण आणि विसावा आलटून पालटून मिळत राहतात. ओट्यापासून फ्रिजपर्यंतच्या आखूड, घसटत्या पावलांत बोटं पुरती वाकतच नाहीत, म्हणून हा रहाट पुरता फिरत नाही.

मातीवर आणखी एक गोष्ट घडते. जमीन सपाट नसल्यामुळे प्रत्येक पाऊल थोड्या वेगळ्या कोनात पडतं. कधी आतली कड दबते, कधी बाहेरची. एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत, आणि चढउतारावर त्या सांध्यांना सांभाळणारे छोटे स्नायू पाळीपाळीने कामाला लागतात. टाइल्सवर हजार पावलं टाकली तरी ती सगळी जवळजवळ सारखीच असतात. म्हणून 'मी दिवसभर अनवाणीच असते' हे बाहेरच्या अनवाणी चालण्याच्या खात्यात कधीच धरू नये. टाचदुखीमागे घोट्याचा ताठरपणा, वाढलेलं वजन आणि कामाचा बराच वेळ उभं राहणं ही कारणं वारंवार दिसतात, आणि तिसरं कारण म्हणजे थेट आपलं स्वयंपाकघर.

मणिपालच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीचा दाखला इथे हमखास दिला जातो. ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले, तेव्हा सपाट तळवे पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत ८.६ टक्के आणि अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. पाहणी मोलाची आहे, आणि लहान मुलांना दिवसभर बंद बुटांत कोंडू नये हे माझंही ठाम मत आहे. पण ती वाढत्या पायांची पाहणी होती. तिचा आधार घेऊन पन्नाशीच्या बाईंच्या पायांतली घरातली चप्पल काढायला लावणं चूक आहे.

दवात भिजलेल्या गवतावर चालल्याने चष्म्याचा नंबर जातो, हेही सांगणं आता थांबावं. नंबर बुबुळाच्या वक्रतेवर आणि डोळ्याच्या लांबीवर ठरतो, तळव्यांवर नाही. मुलं रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात राहिली तर लघुदृष्टी सुरू होण्याचं प्रमाण कमी होतं, हे मात्र खरं आहे. तो गुण उजेडाचा, बूट घालूनही मिळतो.

आता करायचं काय ते. घरासाठी वेगळी चप्पल ठेवा: टाचेखाली साधारण दोन सेंटिमीटर मऊ तळ, टाच नीट बसेल असा खोलगट भाग, आणि पाय घसटावे लागणार नाहीत इतकी घट्ट. झिजून पातळ झालेली जुनी स्लीपर म्हणजे जवळजवळ फरशीच. ओट्यापुढे जाड रबरी मॅट टाका. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, तर पलंगावरून उतरण्याआधीच दुखऱ्या पायाची मांडी घालून हाताने बोटं नडगीकडे ओढा. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा.

बाहेर सुरुवात पाच मिनिटांनी करावी, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत वीस ते तीस मिनिटांपर्यंत न्यावं. पहिल्याच रविवारी टेकडीवर तासभर अनवाणी जाणारे पुढचे दोन महिने लंगडतात. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या तर हरकत नाही. सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखली, किंवा पायाच्या वरच्या बाजूला बोटाने दाखवता येईल अशा एका जागी दुखू लागलं, तर थांबायचं. दुसऱ्या प्रकारात हाडाला बारीक चीर असू शकते. पावलं नेहमीपेक्षा आखूड ठेवा. चवड्यांवर चालायची गरज नाही, तो सल्ला धावणाऱ्यांच्या अभ्यासांतून उचललेला आहे. चालताना अनवाणी माणसाचीही टाचच आधी टेकते.

जागा निवडायची तर माझी पसंती मातीच्या मैदानाला, मग हिरवळीला. कोरडी वाळू नवख्यांसाठी नाही: तिच्यावर त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते आणि पोटऱ्या लगेच ओढल्या जातात. समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर चालावं. किनारा उतरता असतो, म्हणून जितकं जाल तितकंच त्याच रेषेवरून परत या, नाहीतर एकाच पायाला सगळा उतार सोसावा लागतो. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू आणखी एका कारणाने टाळावी. तिथे कुत्र्या-मांजरांची विष्ठा असते आणि तिच्यातल्या कृमींच्या अळ्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरे वळ उठवतात. माणसाच्या अंकुशकृमीची अळीही उघड्यावर शौच होणाऱ्या ओलसर, सावलीच्या मातीतून तळव्यावाटेच आत येते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नये, अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं कारण पुरेसं आहे. सराट्याच्या काट्यांसाठी नजर चार पावलं पुढे हवी, आणि धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षं झाली असतील तर ती आधी घ्या. डांबरी रस्ता यातल्या कशातच मोजू नका. तो सपाटही आहे आणि दुपारी भाजतोही.

मधुमेह असलेल्यांनी मात्र आधी एक तपासणी करून घ्यावी. डोळे मिटून झोपा आणि घरातल्या कोणालातरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायला सांगा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांना दाखवा. अशा पायाला काटा रुतलेला कळत नाही, तापलेली फरशीही कळत नाही. त्याला मातीही नको आणि फरशीही नको: घरात, अंगणात, रात्री बाथरूमला जातानासुद्धा एमसीआर (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल, आणि झोपण्यापूर्वी तळवे उजेडात आरशाने पाहणं.