माप-वजन रूपांतर

माप-वजन रूपांतर : पदार्थाच्या आकारमानावरून त्याचे वस्तुमान, किंवा उलट, घनतेच्या आधारे काढण्याची रीत. वस्तुमान = घनता × आकारमान हे सूत्र शालेय असल्याने त्याचा विस्तार येथे केलेला नाही. ‘वजन’ हा शब्द बाजारातल्या अर्थाने, म्हणजे वस्तुमान या अर्थाने घेतला आहे.

खरा प्रश्न घनता कोणती धरायची हा आहे. गव्हाच्या दाण्याची स्वतःची घनता दर घन सेंमी.ला सुमारे १.३ ते १.४ ग्रॅम असते. पोत्यातल्या गव्हाची मात्र ०.७५ ते ०.८० च्या आसपासच भरते, कारण पोत्यातली सुमारे दोन पंचमांश जागा दाण्यांमधल्या हवेने व्यापलेली असते. या दुसऱ्या घनतेला राशीची किंवा स्थूल घनता म्हणावे. माप ठोकून वा हलवून भरले की ती वाढते. साळीसकट धानाची स्थूल घनता ०.५५ ते ०.६० च्या घरात असल्याने गव्हाच्या पायलीपुढे धानाची पायली वजनाला सुमारे पाऊण भरते. कोठाराचा अंदाज दाण्याच्या घनतेने बांधला तर तो मोठ्या फरकाने चुकतो.

माप वजनावरून ठरवण्याची कल्पना भारतात जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात राज्याची आवक मोजायचे द्रोण हे माप दोनशे पल (पल हे वजनाचे एकक) धान्यमाषांवरून ठरवले आहे. येथे ‘माष’ म्हणजे उडीद असा अर्थ सामान्यतः घेतला जातो आणि तो संदर्भाला धरून आहे. हाच आकडा व्यवहारासाठी १८७ १/२, वाटपासाठी १७५ आणि अंतःपुरातील वाटपासाठी १६२ १/२ पल असा उतरत जातो. राज्य मोठ्या द्रोणाने घेई व लहान द्रोणाने देई, हे यातून उघड दिसते. ८० गुंजांचा कर्ष व ४ कर्षांचा पल धरल्यास २०० पल सुमारे साडेसात किग्रॅ. होतात, उडदाची स्थूल घनता ०.८ मानली तर द्रोण सव्वानऊ ते साडेनऊ लिटरांचा ठरतो. गुंजेचे वजन दाण्यागणिक बदलत असल्याने हा आकडा अदमासेच घ्यावा. ग्रंथाचा काळही वादग्रस्त आहे. मौर्यकाळ, म्हणजे इ. स. पू. चौथे शतक, हे पारंपरिक मत, अर्थशास्त्राचे संपादक व अनुवादक रा. प. कंगले यांचा कल त्याच बाजूला होता. आजचा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाला असावा, या मताकडे अलीकडचे बरेच अभ्यासक झुकतात आणि ते अधिक संभाव्य वाटते.

अर्थशास्त्रातल्या मापांच्या कोष्टकातला कुडुब (कुडव) द्रोणाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जेमतेम दीडशे मिली. पूर्व विदर्भातला धानाचा ‘कुडो’ मात्र कित्येक पायल्यांचा असतो. शब्द तोच मानायचा तर मापाची ही वाढ समजावून द्यावी लागते. मापांच्या इतिहासात नाव टिकून आकार सरकल्याची उदाहरणे पुष्कळ असल्याने व्युत्पत्ती केवळ आकाराच्या मुद्द्यावर फेटाळणे योग्य नाही.

मापावर चढणाऱ्या शंकूला शीग म्हणतात. शब्द संस्कृत ‘शिखा’पासून. अर्थशास्त्रात सुक्या, कणखर लाकडाचे आणि चौथा भाग शीग राहील असे माप सांगितले आहे. शंकूचा उतार ३०° धरला आणि शीग सपाट भरतीच्या पावपट मानली, तर वर्तुळाकार मापाची खोली त्रिज्येच्या पाऊणपटीइतकीच येते. म्हणजे भांडे पसरट हवे. अरुंद व उंच मापाला एवढी शीग चढणारच नाही. शिगेने घेऊन सपाट देण्यात व्यापाऱ्याचा नफा होता.

वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३.१ ग्रॅमचा, मापी शेर त्याहून निराळा आणि गावागणिक बदलणारा. १९५६ च्या कायद्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली. लिटरही १९०१ ते १९६४ या काळात वजनावरूनच ठरत असे : कमाल घनतेच्या १ किग्रॅ. पाण्याचे आकारमान, म्हणजे १.००००२८ घन डेसिमीटर. नागपूरच्या कळमना बाजारात आज धान्य क्विंटलने विकले जाते. तरी तोलाईशी संबंधित कामगाराचे नाव ‘मापाडी’ हेच राहिले आहे.

द्रवांत पोकळीचा प्रश्न नसतो. तेथे तापमान महत्त्वाचे. एक लिटर सोयाबीन तेल २१° से.ला ९१९ ग्रॅम, तर ६०° से.ला ८९२.६ ग्रॅम भरते. तेलाच्या पाकिटावर जास्त तापमानाचे आकारमान छापले की लिटर पुरा दिसतो, तेल कमी असते. म्हणून २०२२ मध्ये केंद्र सरकारने तापमानाचा उल्लेख न करता आकारमानासोबत वजनही छापण्याची सूचना उत्पादकांना केली. नागपुरात मे महिन्यात पारा ४५° से.वर जातो. त्या तापमानाला लिटरभर तेल २१° से.च्या तुलनेत सुमारे १६ ग्रॅमने हलके भरेल.

वाळूचा ब्रास १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, कोरड्या वाळूचा सुमारे साडेचार टन. ५ ते ८ टक्के ओलाव्याने बारीक वाळू पाव ते तिसरा हिस्सा फुगते व पूर्ण भिजल्यावर पुन्हा बसते. त्यामुळे ओलसर वाळूच्या ब्रासात वाळू कमी येते.