मैफल-छायाचित्रांचे संस्करण

मैफल-छायाचित्रांचे संस्करण : गायन, वादन, नृत्य किंवा नाट्य यांचा प्रयोग चालू असताना टिपलेली चित्रे कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवून घेणे, त्यांतून निवड करणे, प्रकाश व रंग दुरुस्त करणे, चित्रओळी (कॅप्शन) लिहिणे आणि ठरल्या वेळेत ती पोचवणे, या सलग कामास ही संज्ञा लावतात. स्टुडिओतील कामाहून ते वेगळे मानले जाते, कारण येथे प्रकाशयोजना दुसऱ्याच्या हाती असते, निसटलेला क्षण पुन्हा घडवता येत नाही, आणि आयोजकांना किंवा वृत्तपत्राला चित्रे बहुधा सभा उठण्याआधीच हवी असतात. प्रस्तुत नोंदीतील विवेचन मुख्यतः ग्वाल्हेरच्या संगीतसभांच्या अनुषंगाने केले आहे.

‘एडिटिंग’ या शब्दाच्या अर्थाबद्दल एकमत नाही. वृत्तपत्रांच्या जुन्या परिपाठात चित्र-संपादक कॉन्टॅक्ट शीटवर (रिळातील सर्व चित्रांच्या लहान आकारातील एकत्रित प्रतीवर) भिंग ठेवून रंगीत पेन्सिलीने चौकटी आखत असे. म्हणजे एडिटिंग याचा अर्थ केवळ निवड असा होता, आणि प्रत छापताना उजेड कमीजास्त करणे हे डार्करूमचे स्वतंत्र काम होते. १९९० मध्ये फोटोशॉप हे चित्रे सुधारण्याचे सॉफ्टवेअर आल्यानंतर बोलण्यात हा शब्द चित्रात फेरफार करणे या अर्थाकडे सरकला. २००७ मध्ये लाइटरूम या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती आली आणि निवड व दुरुस्ती ही दोन्ही कामे एकाच खिडकीत होऊ लागली. त्यामुळे काही जण निवड हाच मूळ अर्थ राखावा असे म्हणतात, तर काही जण दोन्हींचा समावेश करतात. व्यापक अर्थ आज अधिक सोयीचा दिसतो. मात्र निवड आधी आणि दुरुस्ती नंतर हा जुना क्रम सोडल्यास कामाचा वेळ कसा वाढतो, हे पुढे येईलच. निवडीच्या या टप्प्याला हिंदीत ‘छँटाई’ आणि मराठीत ‘छाटणी’ म्हणता येते, व ते शब्द अधिक नेमके आहेत.

प्रयोग चालू असताना चित्र घेण्याची सुरुवात नेमकी केव्हा झाली, हे ठरवणे अवघड आहे. मध्य भारतात छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस असलेले लाला दीनदयाळ १८७० च्या दशकात छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे त्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याचीही चित्रे घेतली. तथापि त्या काळातील काचपट्ट्यांचा वेग (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) पाहता, दिव्यांच्या उजेडात तान घेणारा गवई टिपणे शक्य नव्हते. वाद्य मांडीवर घेऊन स्थिर बसलेल्या कलावंताचे चित्र हे मैफलीचे चित्र नव्हे. १९२४ चा एरमानॉक्स आणि १९२५ चा लायका हे कॅमेरे आल्यावर बंदिस्त जागेत फ्लॅशशिवाय चित्रण व्यवहार्य झाले, असे सामान्यतः मानतात. पुढे ४०० वेगाची कृष्णधवल फिल्म १६०० वेगाची समजून वापरणे व त्या मानाने ती अधिक वेळ डेव्हलप करणे, हा मैफल-छायाचित्रकारांचा रूढ उपाय होता. छत्तीस चित्रांच्या रिळामुळे छाटणी आपोआप कॅमेऱ्यातच होत असे.

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यालगत तानसेनाची समाधी आहे व तेथे दर डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. त्याचा आरंभ शिंदे संस्थानाच्या काळात १९२४ मध्ये झाला असे मानतात. २०२४ मधील शंभरावा समारोह याच गणनेने झाला. प्रारंभी शहनाई, ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथा, मीलाद (पैगंबरांच्या स्तुतीचे पठण) आणि चादर चढवणे असा क्रम असतो. हे सर्व दिवसाच्या उजेडात होते, तर मुख्य सभा रंगीत दिव्यांत रात्री उशिरापर्यंत चालते. म्हणजे एकाच दिवसाच्या कार्डावर दोन अगदी निराळ्या प्रकाशांतील चित्रे असतात, आणि एकच प्रीसेट (दुरुस्त्यांचा तयार संच) दोन्हींना लावल्यास एक गट हमखास बिघडतो. चित्रे उतरवतानाच सभावार फोल्डर करणे त्यामुळे हिताचे ठरते.

छाटणीचे गणित साधे आहे. एका सभेची १,५०० चित्रे धरली आणि प्रत्येकास दोन सेकंद दिले, तर पन्नास मिनिटे लागतात. दहा सेकंद दिले, तर चार तासांहून अधिक. रॉ फाइल (संवेदकाने टिपलेली कच्ची नोंद) पूर्ण उलगडून दाखवणारे सॉफ्टवेअर येथे मागे पडते. फोटो मेकॅनिकसारखी साधने फाइलमध्येच दडलेले जेपेग, म्हणजे तयार संक्षिप्त चित्र, दाखवतात, म्हणून ती वृत्तचित्रकारांत रुजली. पहिल्या फेरीत चांगली चित्रे शोधण्याऐवजी ठेवण्याजोगी नसलेली बाजूला काढावीत की थेट निवडकांनाच खूण करावी, याबद्दल दोन पद्धती आहेत. दुसरी अधिक वेगवान आहे, कारण हजारातून चाळीस निवडण्यास चाळीसच खुणा लागतात.

शास्त्रीय गायनाच्या चित्रांत फोकस व हालचाल यांखेरीज आणखी एक कसोटी असते : मुद्रादोष. ‘आ’कारात तान घेताना जबडा वाकडा होतो, गळ्याच्या शिरा ताणतात, डोळे अर्धवट मिटतात. मैफलीत श्रोत्याला हे खटकत नाही, कारण स्वर ते वाहून नेतो. स्थिर चित्रात स्वर नसतो आणि उरतो तो फक्त वाकडा चेहरा. म्हणून सलग घेतलेल्या आठ-दहा चित्रांतून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आल्यानंतरचे, हात खाली येत असतानाचे आणि तबलजीकडे नजर वळलेले चित्र जाणकार निवडतात. प्रयत्नाच्या सर्व खुणा पुसून टाकणेही बरोबर नाही. पण कलावंताचे हसे होईल असे चित्र कितीही स्पष्ट असले तरी बाहेर जाऊ नये. हा निर्णय सॉफ्टवेअरवर सोपवता येत नाही, आणि छाटणीतील खरा वेळ येथेच द्यावा.

दुरुस्तीच्या टप्प्यात सर्वाधिक अडचण रंगमंचावरील एलईडी दिव्यांची होते. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या संवेदकावर (सेन्सर) निम्मे बिंदू हिरव्या गाळणीखाली आणि लाल व निळ्याखाली प्रत्येकी पाव बिंदू असतात. शुद्ध निळा झोत पडला की मुख्यतः निळेच बिंदू भरतात, उरलेले जवळजवळ रिकामे राहतात. परिणामी तपशील घटतो व कण (नॉइज) वाढतात. शिवाय उजेडाच्या एकत्रित आलेखात (हिस्टोग्राम) निळ्याचे वजन जेमतेम सात टक्के असल्याने चित्र अंधारे वाटते. छायाचित्रकार एक्स्पोजर वाढवतो आणि निळी वाहिनी (चित्रातील निळ्या रंगाची स्वतंत्र नोंद) भरून ओसंडते, मग चेहऱ्याच्या जागी निळा सपाट डाग उरतो. तिन्ही वाहिन्यांचे वेगळे आलेख पाहणे हा यावरील कॅमेऱ्यातील उपाय होय. नंतर प्राथमिक निळ्याची तीव्रता कमी करून काही छटा परत आणता येतात, परंतु प्रकाशातच नसलेला त्वचेचा रंग व्हाइट बॅलन्सने (प्रकाशाच्या रंगानुसार केलेल्या समायोजनाने) निर्माण होत नाही. अशा वेळी लाल किंवा हिरव्या वाहिनीत पुरेसा तपशील असेल, तर चित्र कृष्णधवल करणे हाच प्रामाणिक मार्ग दिसतो. रॉ फाइल १४ बिटांची असल्यास प्रत्येक वाहिनीत १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये २५६. अंधाऱ्या सभेत रॉचा आग्रह धरतात तो यासाठीच.

दुसरी अडचण शांततेतून येते. आलापात तानपुऱ्यांच्या जोडीवर शटरचा आवाज स्पष्ट ऐकू जातो, म्हणून आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरतात. पण ते संवेदक ओळीओळीने वाचते आणि वेगाने लुकलुकणाऱ्या एलईडीखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. साधे दिवे भारतातील ५० हर्ट्‌झ विजेवर सेकंदाला शंभरदा मंदतेज होत असल्याने १/१०० किंवा १/५० सेकंद ही शटरगती त्यांना पुरते. एलईडीची लुकलुक बहुधा याहून बरीच जलद असते. पट्टे पुसत बसण्यापेक्षा ती चित्रे छाटणीतच वगळावीत.

यानंतरचे काम बरेचसे यांत्रिक आहे. एका प्रकाशातील एक चित्र नीट करून त्याची दुरुस्ती इतरांवर सिंक करतात, म्हणजे जशीच्या तशी लावतात, मग क्रॉप तेवढा प्रत्येकाचा वेगळा पाहतात. २०२३ पासून लाइटरूममध्ये आलेली कण घालवण्याची एआय सुविधा प्रभावी असली, तरी वेळखाऊ आहे. ती अंतिम निवडीवरच चालवावी. रॉसोबत तयार होणारी, दुरुस्त्यांची नोंद असलेली एक्सएमपी फाइल वेगळी राहिल्यास केलेली दुरुस्ती दिसेनाशी होते, म्हणून दोन्ही एकत्रच हलवतात. तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत अन्यत्र, हा नियम जतनासाठी सर्वत्र सांगितला जातो.

चित्रओळ आयपीटीसीच्या (फाइलमध्येच माहिती नोंदवण्याच्या वृत्तक्षेत्रातील प्रमाण पद्धतीच्या) रकान्यांत लिहितात व ती फाइलबरोबर राहते. कलावंत, साथीदार, सभा, दिनांक आणि शक्य तेथे राग यांची नोंद त्यात असावी. साथीदारांची नावे गाळण्याची सवय दुर्दैवाने फार पसरलेली आहे. नावांच्या लेखनात विशेष काळजी लागते. ग्वाल्हेर घराण्याचे कृष्णराव शंकर पंडित यांच्या नावात ‘पंडित’ हे आडनाव आहे. उपाधीची पुनरुक्ती समजून ते काढल्यास नावच अपुरे राहते. तसेच मराठीतील ‘ग्वाल्हेर’ आणि हिंदीतील ‘ग्वालियर’ संगणकाला दोन भिन्न शब्द वाटतात, म्हणून कीवर्डच्या रकान्यात दोन्ही घालावे लागतात.