डायल-अप जोडणी : प्रोग्रॅमचे स्वयंचलन

मोडेमद्वारे दूरध्वनी तारेवरून इंटरनेट जोडणी होताच ठरावीक प्रोग्रॅम आपोआप चालवण्याची पद्धत. ई-मेल आणणे, रांगेतला मेल रवाना करणे, संगणकाचे घड्याळ जुळवणे, बदललेला आयपी पत्ता डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत) नोंदवणे ही तिची नेहमीची कामे.

उगम : पद्धतीचे मूळ यूयूसीपी या युनिक्स यंत्रांत फोनवरून फाइली व आज्ञा पोचवणाऱ्या प्रणालीपर्यंत मागे नेता येते. बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास लिहिलेल्या या प्रणालीत कामे रांगेत साठत, मग यंत्र दुसऱ्या यंत्राला फोन लावी आणि पलीकडून आलेल्या आज्ञा 'यूयूएक्सक्यूटी' हा प्रोग्रॅम पार पाडी. मात्र तेथे फोन कामासाठीच लावला जाई. प्रस्तुत पद्धतीत जोडणी ही स्वतंत्र घटना असून काम तिच्यामागून येते. त्यामुळे तिचा आरंभ पीपीपी या दोन टोकांना थेट जोडणाऱ्या प्रोटोकॉलच्या (संवादनियमांच्या) वापरापासून धरणे अधिक सयुक्तिक. आधीच्या स्लिप या प्रोटोकॉलमध्ये (इंटरनेट-तंत्राचा दस्तऐवज 'आरएफसी' १०५५, १९८८) दोन टोकांत वाटाघाटच होत नसे. पत्ते आधी ठाऊक असावे लागत, आणि 'जोडणी झाली' असे प्रोटोकॉल स्वतः कधी सांगत नसे.

जोडणीचा क्षण : मोडेमचा 'कनेक्ट' संदेश म्हणजे इंटरनेट नव्हे. पीपीपीत (आरएफसी १६६१, १९९४) प्रथम एलसीपीद्वारे दुव्याच्या अटी ठरतात, मग पॅप किंवा चॅप पद्धतीने ओळख पटते, आणि शेवटी आयपीसीपीद्वारे (आरएफसी १३३२, १९९२) आयपी पत्ता मिळतो. हा शेवटचा टप्पा पार पडल्यावरच प्रोग्रॅम सुरू करण्यात अर्थ असतो.

कार्यपद्धती : युनिक्सवर्गीय प्रणालींवरील पीपीपीडी हा पीपीपी जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम या वेळी 'आयपी-अप' ही स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) चालवतो व तिला सहा मूल्ये देतो : इंटरफेसचे नाव, मोडेमचे उपकरण, वेग, स्थानिक पत्ता, पलीकडचा पत्ता आणि वापरकर्त्याने ठरवलेला मजकूर. एकाच संगणकावरून दोन सेवादात्यांशी जोडणी होत असेल, तर सहाव्या मूल्यावरून त्यांत फरक करता येतो. स्क्रिप्ट रूटच्या (प्रणालीतील सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालते. म्हणून ती इतरांना बदलता येणार नाही याची दक्षता अत्यावश्यक. तिचे इनपुट व आउटपुट शून्य उपकरणाकडे (लिहिलेले सारे टाकून देणाऱ्या '/dev/null'कडे) वळवलेले असते आणि एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रॅमला मिळणारी पाथ वगैरे मूल्ये) जवळजवळ रिकामे असते. हाताने चालवल्यावर बिनचूक चालणारी स्क्रिप्ट येथे गुपचूप फसते, ते बहुधा यामुळे. प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ देणे आणि संदेश स्वतंत्र फाइलीत लिहिणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय.

पीपीपीडी स्क्रिप्ट संपण्याची वाट पाहत नाही; पण 'आयपी-अप' संपल्याशिवाय जोडणी तुटल्यावरची 'आयपी-डाउन'ही सुरू करत नाही. एखादा प्रोग्रॅम मध्येच अडकला, तर पुढची आवराआवर खोळंबते. दर काही मिनिटांनी मेल तपासणारा प्रोग्रॅम लावल्यास तार कधीच निष्क्रिय ठरत नाही आणि आपोआप जोडणी तोडण्याची मुदत निरुपयोगी होते. जोडणीमागे एकदाच मेल आणणे बरे.

डेबियन या लिनक्स प्रणालीत 'आयपी-अप.डी' निर्देशिकेत अनेक स्क्रिप्ट ठेवता येतात. नावात टिंब असलेली फाइल मात्र वगळली जाते. रेड हॅट लिनक्समध्ये 'आयपी-अप.लोकल', तर फ्रीबीएसडी या युनिक्सवर्गीय प्रणालीच्या पीपीपी प्रोग्रॅमसाठी 'पीपीपी.लिंकअप' ही फाइल असते. विंडोज व्हिस्टापासून टास्क शेड्यूलरला (ठरल्या वेळी वा घटनेवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीला) रासक्लायंट या जोडणी लावणाऱ्या घटकाच्या २०२२५ क्रमांकाच्या, म्हणजे जोडणी झाल्याच्या, घटनेशी जोडता येते.

ईथरनेटवरील पीपीपीत (आरएफसी २५१६, १९९९) पीपीपीडी वापरल्यास हीच स्क्रिप्ट तशीच चालते.