जाळी धातूची, गाळणी चोथ्याची

धातूच्या गाळणीतून पोअर-ओव्हर कॉफी, म्हणजे पुडीवर वरून गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी, करताना एकदा खाली काचेचं भांडं ठेवा आणि भांड्याच्या मागे दिवा लावा. पहिले थेंब पडतात ते गढूळ. उजेड त्यांच्यात अडतो आणि तळाशी तपकिरी ढग पसरतो. मिनिटभर थांबून पुन्हा बघा. त्याच गाळणीतून आता पडणारी धार तांबूस आणि पारदर्शक असते, दिवा तिच्यातून लख्ख दिसतो. जाळी तीच, छिद्रं तीच, पूडही तीच. मग या एका मिनिटात बदललं काय?

बदलला पुडीचा थर. सुरुवातीला पूड कोरडी आणि सैल होती, त्यामुळे पाण्याबरोबर बारीक भुकटी सरळ जाळीपर्यंत घरंगळत आली आणि छिद्रातून निसटली. मग मोठे कण भिजून फुगले, एकमेकांना टेकून बसले. त्यांच्यामधल्या फटींत मध्यम कण अडकले आणि मध्यम कणांच्या फटींत भुकटी. आता गाळायचं काम हा थर करतो आहे, धातू त्याला फक्त धरून आहे. मी काही वर्षं जवळजवळ रोज अशी कॉफी करतो. कॉफी पाणचट होते, कपाच्या तळाशी साका उरतो, महिन्याभराने चव बिघडते अशा तक्रारी या गाळणीबद्दल नेहमी ऐकू येतात. यांतल्या बहुतेकींचं उत्तर या एका गोष्टीत आहे, असं माझं मत झालं आहे.

आधी कागदाकडे बघू, कारण तुलना त्याच्याशीच होते. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यावर ठेवला आणि वरून गरम पाणी ओतलं. त्याच वर्षी तिने बर्लिनच्या पेटंट कार्यालयात ही युक्ती नोंदवली. कॉफीच्या गाळण्याचा कागद पुढे खूप सुधारला, पण टिपकागदाचा गुण त्याच्यात कायम राहिला. तो नुसता अडवत नाही, टिपतोही. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची दाट गुंतवळ. पाण्याला तिच्यातून वळणावळणाने वाट काढावी लागते. त्या वाटा मायक्रॉनच्या दशकांत मोजाव्या इतक्या अरुंद असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे भुकटी अडते आणि कॉफीतल्या तेलाचे सूक्ष्म थेंब तंतूंना चिकटून बसतात. कागदातून उतरलेली कॉफी निवळ आणि हलकी लागते ती या दोन्हींमुळे.

धातूच्या जाळीला टिपणं जमत नाही. तिला छिद्रं असतात, आणि छिद्रापेक्षा लहान जे असेल ते पलीकडे जातं. या गाळण्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीत बारीक तारांची विणलेली जाळी असते. तिची बारकाई ‘मेश’मध्ये सांगतात, म्हणजे एका इंचात किती तारा. २०० मेशच्या जाळीचं छिद्र साधारण ७५ मायक्रॉनचं, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढं. दुसऱ्या प्रकारात स्टीलच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने नक्षी उमटवून रसायनाने हजारो छिद्रं कोरलेली असतात. कित्येक गाळण्यांत आत बारीक जाळी आणि बाहेर आधाराला भरड छिद्रांचा पत्रा असे दोन पदर मिळतात.

आता पुडीचं माप घ्या. मध्यम दळलेल्या पुडीतला ठळक कण अर्धा ते एक मिलिमीटरचा. तो ७५ मायक्रॉनच्या छिद्रातून जाण्याचा प्रश्नच नाही. पण भाजलेली बी ठिसूळ असते आणि काचेसारखी फुटते. मोठे तुकडे होतातच, शिवाय प्रत्येक तड्याच्या कडेने बारीक चुरा सुटतो. ग्राइंडर कितीही चांगला असो, हा चुरा कमी होतो, संपत नाही. कॉफीच्या बीमधली एकेक पेशी काही दशक मायक्रॉनची असते, तेव्हा या चुऱ्यातले पुष्कळसे कण म्हणजे फुटलेल्या पेशींच्या भिंतींचे तुकडे. जाळीतून निसटतात ते हेच.

पाणचटपणाचं कारण समजून घ्यायला एका फ्रेंच अभियंत्याकडे जावं लागेल. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम केलेल्या आंरी दार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपतं ते मोजलं आणि १८५६ साली त्याचा नियम मांडला. थरावर पाण्याचा दाब जास्त तर झिरपा जास्त, थर जाड तर झिरपा कमी. पुढच्या संशोधकांनी त्यात कणांच्या आकाराचा हिशोब घातला. कण निम्मे केले, तर त्याच थरातून पाणी साधारण चौपट हळू जातं. कॉफीचा थर म्हणजे एक छोटी वाळूची गाळणीच. कागद वापरला की थराच्या अडथळ्यात कागदाच्या अडथळ्याची भर पडते, आणि भुकटीने कागद तुंबत जातो तशी ती वाढत जाते. धातूच्या जाळीचा स्वतःचा अडथळा जवळपास नसतोच. म्हणून कागदासाठी दळलेली पूड तशीच धातूच्या गाळणीत घातली, तर तीन मिनिटांनी उतरणारं पाणी दोन मिनिटांच्या आत खाली येतं. पुडीला आपला अर्क सोडायला वेळच मिळत नाही.

अर्क किती उतरायला हवा, याचंही माप आहे. भाजलेल्या कॉफीत पाण्यात विरघळू शकेल असा भाग वजनाने सुमारे तीस टक्के असतो, पण तो सगळा काढला की कॉफी कडवट आणि तुरट होते. १९५०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी या विषयावर काम केलं. तेव्हापासून १८ ते २२ टक्के हा पल्ला चांगला मानतात. समजा १५ ग्रॅम पूड आणि २५० ग्रॅम पाणी घेतलं. पूड आपल्या दुप्पट वजनाचं, म्हणजे ३० ग्रॅम पाणी धरून ठेवते, कपात २२० ग्रॅम येतं. वीस टक्के अर्क उतरला तर त्यात ३ ग्रॅम कॉफी असते, म्हणजे जेमतेम १.३६ टक्के. बाकी सगळं पाणी! चौदा-पंधरा टक्केच अर्क उतरला, तर वजनात फरक पडतो एका ग्रॅमहूनही कमी. जिभेला मात्र तेवढ्याने कॉफी आंबट आणि पोकळ लागते, कारण आम्लं लवकर विरघळतात आणि गोडसर, भारी चवीचे घटक मागून येतात.

यावर उपाय म्हणजे पूड किंचित बारीक दळणं. किंचितच. फार बारीक दळलं की चुरा वाढतो, जाळीतून जास्त निसटतो, आणि उरलेला थर तुंबवतो. माझा नेम असा की कागदासाठी ग्राइंडर जिथे ठेवतो त्याच्या एक-दोन खाचा खाली यायचं, घड्याळ लावायचं आणि सगळं पाणी तीन ते साडेतीन मिनिटांत उतरतंय का ते बघायचं.

धातूच्या शंकूत आणखी एक गळती असते, ती सहसा लक्षात येत नाही. छिद्रं फक्त तळाला नसतात, भिंतीलाही थेट वरपर्यंत असतात. पाणी भसाभसा ओतलं आणि त्याची पातळी पुडीच्या वर चढली, की वरचं पाणी थराला न शिवता भिंतीतून बाजूनेच बाहेर पडतं आणि कपात कोऱ्या पाण्याची भर घालतं. कागद इथे थोडी तरी आडकाठी करतो, जाळी करत नाही. म्हणून धार बारीक ठेवायची, थोड्या उंचीवरूनच सोडायची, मधल्या भागात फिरवायची, आणि पाणी पुडीच्या वर बोटभरापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही.

पहिलं भिजवणं सावकाश करावं. १५ ग्रॅम पुडीवर साधारण ४५ ग्रॅम पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं. ताजी भाजलेली कॉफी असेल तर पूड फुगून वर येते, बुडबुडे फुटतात. भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. पुडीत वजनाच्या एक टक्का जरी वायू उरला असेल, तरी १५ ग्रॅममधून सुमारे ८० मिलिलिटर वायू निघतो, म्हणजे पुडीच्या स्वतःच्या आकारमानाहून जास्त. तो आधी निघून गेला नाही तर पाण्याला वाट मिळत नाही आणि थर जागोजागी फाटतो.

या पहिल्या पाण्यासाठी गाळणी आधी गरम करून घ्यावी. स्टीलची ५० ग्रॅमची थंड गाळणी अडीचशे ग्रॅम पाण्याला दीड-दोन अंशांनीच थंड करेल. पण पहिल्यांदा पडतं ते फक्त ४५ ग्रॅम, आणि गाळणी त्यातून पूर्ण तापली तर ते सात-आठ अंशांनी उतरतं. पाणी ९२ ते ९६ अंशांवर हवं असताना हा फटका मोठा आहे.

भिजवताना खाली पडलेले ते गढूळ थेंब मी कपात ठेवत नाही, हलक्या हाताने परत पुडीवर ओततो. जलशुद्धीकरणाच्या कामात वाळूची गाळणी धुतल्यावर तिच्यातून येणारं पहिलं पाणी पुरवठ्यात न सोडण्याची पद्धत आहे, कारण थर बसायला वेळ लागतो. इथेही तेच चालू आहे. यानंतर पूड ढवळायची नाही, गाळणी हलवून आपटायची नाही. कागदात ढवळलेलं चालून जातं, मागे कागद उभा असतो. इथे ढवळलं की बसलेला थर मोडतो आणि अडकलेली भुकटी पुन्हा मोकळी होते.

इतकं करूनही कपात थोडा साका येतोच. त्याच्यासाठी थांबणं पुरतं. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली द्रवात बुडणाऱ्या कणाचा वेग कशावर ठरतो ते दाखवलं. कण निम्म्या जाडीचा असेल तर तो चौपट हळू बुडतो, पाचव्या हिश्श्याचा असेल तर पंचवीसपट हळू. म्हणून दोन मिनिटं भांडं न हलवता ठेवलं की ठळक चुरा तळाला बसतो. सर्वांत बारीक चुरा कॉफी संपेपर्यंत तरंगतच राहतो, आणि तेलाच्या थेंबांबरोबर तोच कॉफीला दाट, तोंडभर रेंगाळणारा पोत देतो. मला तो आवडतो. भारी, चॉकलेटी चवीच्या बियांना तर तो फारच शोभतो. फुलांचा किंवा लिंबाचा नाजूक वास असलेल्या बिया मात्र मी कागदातूनच गाळतो, कारण या दाटपणात त्यांचा आंबूसपणा बोथट होतो.

तेलाचा विषय आला की आरोग्याचं बोलणं भाग आहे. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रॉम्सो शहरात झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या पाहणीत १९८३ साली दिसलं, की जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल जास्त आहे. इतर ठिकाणच्या अभ्यासांत असा संबंध एकसारखा सापडत नव्हता. उलगडा झाला तो कॉफी करण्याच्या रीतीतून. तिकडे पूड पाण्यात उकळून कॉफी तशीच पीत. नेदरलँड्सच्या संशोधकांनी पुढे उकळलेल्या कॉफीतला तेलाचा अंश वेगळा करून लोकांना दिला आणि कोलेस्टेरॉल वाढलं. तीच कॉफी कागदातून गाळल्यावर तो परिणाम उरला नाही. दोषी ठरले कॅफेस्टॉल आणि काहवेऑल हे तेलात राहणारे दोन पदार्थ. उकळलेल्या किंवा फ्रेंच प्रेसच्या, म्हणजे पूड पाण्यात भिजवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबलेल्या, कॉफीच्या कपात कॅफेस्टॉल काही मिलिग्रॅम असतं, कागदातून गाळलेल्या कपात नावापुरतं. नॉर्वेतच पाच लाखांहून अधिक लोकांचा सरासरी वीस वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाळलेली कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न गाळलेली पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण दिशा आधीच्या प्रयोगांशी जुळते.

धातूची गाळणी या दोन टोकांच्या मध्ये येते. चोथ्याचा थर बरंचसं तेल स्वतःकडेच ठेवतो, पण जे सुटतं त्याला जाळी अडवत नाही. रोज एखादा कप पिणाऱ्या निरोगी माणसाने याची धास्ती घ्यावी असं मला वाटत नाही. ज्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं आहे आणि ज्यांचे दिवसाला चार-पाच कप होतात, त्यांनी मात्र कागद वापरावा, किंवा धातूच्या गाळणीतच कागद बसवावा. यात चवीचा हट्ट धरू नये.

तेलाचं दुसरं काम जाळीवर चालतं. कॉफीच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. हवेत ते खवट होतं. नुसत्या पाण्याने खळबळून ठेवलेल्या गाळणीवर या तेलाचा पातळ पापुद्रा चढत जातो, त्यात भुकटी रुतते आणि छिद्रं अरुंद होतात. एकदा माझ्याकडे तीन मिनिटांत उतरणारी कॉफी महिन्याभरात साडेचार मिनिटांवर गेली. पूड, पाणी, माप काही बदललं नव्हतं. गाळणी खिडकीसमोर धरली, तर वरचा भाग ठिपक्याठिपक्यांनी उजळला आणि खालचा तिसरा हिस्सा जवळपास अंधारा. कढत पाण्यात एक चमचा सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडून डाग काढणारी पांढरी पूड) घालून ती अर्धा तास बुडवली. पाणी गडद तपकिरी झालं. मग मऊ ब्रशने बाहेरून आत घासली, म्हणजे अडकलेले कण ज्या बाजूने आले त्याच बाजूला निघतात. दुसऱ्या दिवशी वेळ पुन्हा तीन मिनिटं आणि वासात खवटपणा नाही.

क्लोरिनचं ब्लीच मात्र वापरू नका. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा थर, जाडीने काही नॅनोमीटर. ब्लीचमधलं क्लोराइड त्याला टोचे पाडतं, आणि इतक्या पातळ पत्र्यात एकेक टोचा म्हणजे नवं छिद्र. जड पाण्याचा पांढरा क्षार साठला असेल तर सायट्रिक आम्लाचं पाणी पुरतं. रोजच्यासाठी चोथा झाडल्यावर लगेच, तेल ओलं आहे तोवर, उलट्या बाजूने गरम पाण्याची धार आणि साबणाचा एक थेंब. आणि धुतल्यावर एकदा उजेडासमोर धरून बघायचं, सगळे ठिपके दिसतात का ते.