जेलमध्ये उपचार मिळतात हो, देखभालीचं काय?

म्हाताऱ्या कैद्याच्या जामिनाची बातमी आली की ठरलेली कमेंट असतेच, "आत डॉक्टर आहे, गोळ्या फुकट आहेत, अजून काय पाहिजे?" अरे बाबांनो, उपचार वेगळे आणि देखभाल वेगळी.

उपचार सगळ्यांना माहितीये. बीपी-शुगरच्या गोळ्या, तपासणी, जास्तच झालं तर बंदोबस्तात सरकारी हॉस्पिटल.

देखभाल म्हणजे गोळी गिळल्यानंतरचा अख्खा दिवस. जमिनीवरच्या अंथरुणावरून उठवायचं कोणी, संडासात बसलेल्याला हाताला धरून उभं करायचं कोणी, अंगावर पाणी घालायचं कोणी. घरी मुलगा-सून करतात नाहीतर ब्युरोची बाई, आत बहुतेक वेळा बराकीतला दुसरा कैदीच करतो, तोही त्याच्या मनात असेल तर.

आदिवासींसाठी काम करणारे पाद्री फादर स्टॅन स्वामी एल्गार परिषद प्रकरणात, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली तळोजा जेलमध्ये होते, वय ८३, पार्किन्सन्स. हात थरथरतो, ग्लास धरता येत नाही, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. आता सिपर कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर येतो सांगा! मे २०२१ मध्ये त्यांनी व्हिडिओवरून हायकोर्टाला सांगितलं की आलो तेव्हा माझं मी जेवत होतो, आता भरवावं लागतं. कोर्टाने सरकारी जेजे हॉस्पिटलात जाता का विचारलं तर नको म्हणाले, मला माझ्या माणसांत राहायचंय. यावर "हॉस्पिटल देतायत तरी नाटकं" म्हणणाऱ्यांना हाच फरक कळलेला नसतो, ते मागत होते देखभाल आणि समोरून येत होते उपचार. पुढे खासगी हॉस्पिटलात हलवलं, तिथेच ५ जुलै २०२१ ला गेले, जामीन न मिळताच.

गंमत म्हणजे कायद्याला हा फरक कळतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, तिचं कलम ४८० (जुन्या सीआरपीसीतलं ४३७), त्यात 'आजारी किंवा अशक्त' माणसाला जामीन देता येतो असं आहे. 'किंवा' आहे तिथे! यूएपीएत मात्र ही सवलत नाही, तरीही याच प्रकरणातले म्हातारे तेलुगू कवी वरवरा राव यांना हायकोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तब्येतीवर सहा महिन्यांचा जामीन दिला होता. (याला पॅरोल म्हणू नका प्लीज, पॅरोल शिक्षा लागलेल्यांना, हे दोघे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकालच लागला नव्हता.)

आणि 'प्रकृती स्थिर' या शब्दांची मला भयंकर चीड आहे. शुगर स्थिर असलेल्या माणसाला पायजम्याची नाडी बांधता येतेच असं नाही. तुमचं कोणी म्हातारं माणूस आत असेल तर वकिलाला नुसती रिपोर्टांची फाईल देऊ नका, नाडी कोण बांधतं, चमचा कोण धरतं, रात्री लघवीला कोण नेतं, तेही अर्जात लिहायला लावा.